लाईट जाऊन आली की ओपॅक बंद! ग्रंथालयातला दर पावसाळ्यातला बिघाड कसा शोधायचा

मृगाचा पाऊस लागला की किनारपट्टीवरच्या कॉलेज ग्रंथालयांतून एकच गाऱ्हाणं ऐकू यायला लागतं: “सर्व्हर डाऊन आहे.” मुलाला ओपॅकवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पुस्तकसूचीत, पुस्तक सापडलं नाही, सर्व्हर डाऊन. प्राध्यापकांचं एन-लिस्ट (नियतकालिकं आणि पुस्तकं वाचायची ऑनलाइन सेवा) उघडलं नाही, सर्व्हर डाऊन. बारकोड मारल्यावर पडद्यावर अगम्य अक्षरं उमटली, तरी सर्व्हरच डाऊन. मग तालुक्याच्या गावातून कुणीतरी दुरुस्तीवाला येतो, मशीन उघडून बघतो आणि “फॉरमॅट मारावं लागेल” असं सांगून टाकतो. फॉरमॅटनंतर काही दिवस बरं चालतं. पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा तेच.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयातले कॉम्प्युटर सांभाळतो आणि आजूबाजूच्या कॉलेजांतल्या ग्रंथपालांचे फोनही घेतो. लाईट जाऊन आल्यावर बिघडतात त्या चार-पाच निरनिराळ्या गोष्टी असतात, फक्त काउंटरवरून त्या सगळ्या सारख्याच दिसतात. नेमकं कुठे अडलंय ते पाहिलं तर बहुतेक वेळा कुणाला बोलवावं लागत नाही. फॉरमॅटची पाळी तर जवळजवळ कधीच येत नाही.

खालचं सगळं कोहा धरून लिहिलंय. ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं हे मोफत सॉफ्टवेअर १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं आणि आता आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत आहे. मांडणी साधारण अशी धरा: कोपऱ्यात उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सवर चालणारं सर्व्हर मशीन, काउंटरवर विंडोजचे एक-दोन कॉम्प्युटर आणि बारकोड स्कॅनर, मुलांसाठी ओपॅकचा एखादा कॉम्प्युटर, भिंतीवर राउटर. कोहाऐवजी सोल हे ग्रंथालयाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी शोधसूचीचा भाग सोडून द्यावा; घड्याळ, नेटवर्कवरचा पत्ता आणि वीज यांचं तुम्हालाही तितकंच लागू आहे.

फोनवर मी काय विचारतो

“सर, ओपॅक बंद पडलंय.”

“पानच उघडत नाही, की पान उघडतंय आणि पुस्तक मिळत नाही?”

“थांबा हं, बघते… उघडतंय. पण ‘कोकण’ टाकलं तरी शून्य दाखवतंय. आपल्याकडे तर कपाटभर पुस्तकं आहेत.”

“काउंटरवर बारकोड मारून पुस्तक देता येतंय का, मॅडम?”

“हो, ते चालू आहे की.”

झालं, निदान इथेच झालं. देवघेव चालते आणि शोध चालत नाही, म्हणजे माहिती शाबूत आहे, शोधसूची बिघडली आहे. कोहामध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या राहतात. पुस्तकं, वाचक, देवघेव हे सगळं मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतं. शोध मात्र झेब्रा नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या सूचीत होतो. छापील पुस्तकाच्या शेवटी असलेली सूची फाटावी आणि आतली पानं जशीच्या तशी असावीत, तसा हा प्रकार. सूचीत लिहिणं चालू असताना लाईट गेली की ती अर्धवट राहते, किंवा मशीन परत सुरू होताना झेब्रा उठतच नाही.

उपाय दोन पायऱ्यांचा. फोनवर सांगतो तसाच इथे लिहितोय. टाइप करताना सगळं लहान इंग्रजी अक्षरांत. सर्व्हरवर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून आधी ‘सुडो सर्व्हिस कोहा-कॉमन रीस्टार्ट’ द्या आणि दोन मिनिटांनी शोधून पाहा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सूची नव्याने बांधायची: ‘सुडो कोहा-रीबिल्ड-झेब्रा’, मग जागा सोडून ‘वजा एफ’, जागा सोडून ‘वजा व्ही’, आणि शेवटी तुमच्या इन्स्टन्सचं, म्हणजे सर्व्हरवरच्या तुमच्या कोहाचं, नाव. नाव ठाऊक नसेल तर ‘सुडो कोहा-लिस्ट’ दिल्यावर दिसतं. पडद्यावर ओळी धावायला लागतील, धावू द्या. पुस्तकं जितकी जास्त तितका वेळ. तोवर काउंटरवर देवघेव बिनधास्त चालू ठेवता येते, कारण तिचा या कामाशी संबंध नाही. मध्येच घाबरून खिडकी बंद केली तर मात्र सूची पुन्हा अर्धवट.

रीबिल्डही अडलं तर डिस्क भरली आहे का ते बघा, ‘डीएफ वजा एच’. जुन्या लॉगनी (मशीन आपोआप लिहीत राहतं त्या नोंदींच्या फाइलींनी) आणि कुणीतरी ठेवलेल्या वऱ्हाडाच्या व्हिडिओंनी भरलेला सर्व्हर मी पाहिलेला आहे.

याच जातीचं आणखी एक दुखणं: इंग्रजी पुस्तकं सापडतात, मराठी सापडत नाहीत. याचा विजेशी थेट संबंध नाही, पण लाईट गेल्यावर कुणीतरी कोहा ‘अपडेट’ करून किंवा नव्याने टाकून ठेवतं, आणि मग हे सुरू होतं. देवनागरी शब्द नीट शोधायचे तर झेब्राची सूची आयसीयू या, युनिकोड अक्षरं नीट ओळखणाऱ्या पद्धतीवर लावलेली असावी लागते. नव्याने टाकलेलं कोहा मूळच्या सेटिंगवर येतं. अपडेटच्या वेळी ‘तुमची जुनी सेटिंग फाइल ठेवू की नवी घालू’ असा प्रश्न येतो आणि घाईत नवी घातली जाते, हेही होतं. आयसीयू परत लावा आणि सूची पूर्ण बांधा. याउपर काही मोजकीच मराठी पुस्तकं सापडत नसतील तर ती नोंद उघडून बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली शीर्षकं तिथे इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखी दिसतील. त्याला दुसरा इलाज नाही, ती पुन्हा टाइप करावी लागतात.

शोध आणि देवघेव दोन्ही बंद, आणि कोहाच्या पानावर मोठा एरर, असं असेल तर डेटाबेस उठलेला नाही. मारियाडीबी एकदा रीस्टार्ट करून बघा. ती बहुतेक वेळा आपली आपण सावरते, त्यासाठीच ती तशी बांधलेली आहे. नाही उठली तर इथे मात्र हात आवरा. यूट्यूबवर ‘ही फाइल उडवा, चालू होईल’ असं सांगणारे बरेच आहेत. चालू होतंही, पण कालच्या नोंदी कुठे गेल्या हे नंतर कुणाला सांगता येत नाही. डेटाबेसचा अख्खा फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. फोन करायचा तो या वेळी.

घड्याळाचा घोळ

आता दुसरी तऱ्हा. ओपॅक व्यवस्थित चालतंय, पण त्याच कॉम्प्युटरवर एन-लिस्ट उघडत नाही, जीमेल उघडत नाही, अगदी गूगलही नाही. ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असलं काहीतरी लाल-करड्या रंगात येतं. आणि शेजारी उभ्या मुलाच्या मोबाइलवर, त्याच वायफायवर, सगळं उघडतंय. लोक इथे इंटरनेट कंपनीला फोन लावतात. त्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघा. तारीख २००९ ची किंवा मशीन तयार झालं त्या वर्षाची असेल.

कारण साधं आहे. सुरक्षित साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तपासतो, आणि त्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कॉम्प्युटरला आज २००९ साल वाटत असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. कॉलेजच्या आतलं ओपॅक बहुतेक ठिकाणी साध्या, प्रमाणपत्र नसलेल्या पत्त्यावर चालतं, म्हणून त्याला फरक पडत नाही. क्रोम पुष्कळदा स्वच्छ सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे. पण तो संदेश वाचण्याआधीच माणूस खिडकी बंद करतो.

घड्याळ मागे का जातं? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. प्लग काढलेला असताना वेळ चालू ठेवणं हे त्याचं काम. चार-पाच वर्षांत तो उतरतो. एरवी कळत नाही, कारण वीज चालू असते. आपल्याकडे पावसात रात्र रात्र वीज नसते, किंवा विजेच्या भीतीने शिपाईमामा मेन स्विच पाडून जातात. सकाळी मशीन जन्मवर्षात परत.

“इंटरनेट आलं की वेळ आपोआप लागते ना?” असं विचारतात. लागतेच असं नाही. फरक पंधरा तासांपेक्षा मोठा असेल तर विंडोजची टाइम सेवा मूळ सेटिंगवर सहसा तो बदल करायला नकार देते. शिवाय कॉलेजच्या फायरवॉलमध्ये १२३ क्रमांकाचा पोर्ट बंद असेल तर वेळ विचारायलाच कुणी बाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा हाताने तारीख लावा, वेळक्षेत्र भारताचं आहे ना ते बघा आणि त्याच आठवड्यात सेल बदला. वेळ बरोबर साडेपाच तासांनीच चुकत असेल तर सेल बदलू नका. एकाच मशीनवर उबुंटू आणि विंडोज दोन्ही टाकलेले आहेत, आणि एक घड्याळाला जागतिक वेळ समजतंय, दुसरं स्थानिक. उबुंटूला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की मिटतं.

सेल बदलणं म्हणजे चहा-वड्याच्या पैशातलं काम. प्लग काढा, पॉवरचं बटण थोडं दाबून धरा, कॅबिनेट उघडा. सेलच्या कडेला एक बारीक पत्र्याची जीभ असते, ती नखाने बाजूला केली की सेल टुणकन वर येतो. अक्षरं कोरलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. समुद्राजवळच्या गावांत त्या पत्र्यावर हिरवट थर चढलेला असतो; तो खोडरबराने घासून काढा, नाहीतर नवा सेलही नीट टेकत नाही. एक खबरदारी: सेल काढला की बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सगळ्या सेटिंग मूळ पदावर येऊ शकतात. सर्व्हर असेल तर डिस्कची पद्धत आणि बूटचा क्रम सेल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नाहीतर सेल बदलल्यावर ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश येतो आणि डिस्क गेली म्हणून रडारड होते. डिस्क जागेवरच असते.

काउंटरच्या मशीनचं घड्याळ चुकलं तर फक्त त्रास होतो. सर्व्हरचं चुकलं तर हिशेब बिघडतो. उबुंटूची टाइम सेवा शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवते, म्हणून सर्व्हर सहसा २००९ मध्ये जात नाही. वीज गेली त्या क्षणापासून पुढे चालू होतो. हे जास्त फसवं. शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली, सोमवारी सकाळी सर्व्हर चालू झाला, इंटरनेट अजून आलेलं नाही, तर सर्व्हरच्या लेखी अजून शुक्रवारच आहे. त्या सकाळी दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची परतीची तारीख तीन दिवस अलीकडची पडते. कुणाच्या लक्षात येत नाही. पंधरा दिवसांनी मुलगा काउंटरवर भांडतो की मला दंड का, आणि त्याचं बरोबर असतं.

म्हणून लाईट आल्यावर देवघेव सुरू करण्याआधी सर्व्हरवर ‘डेट’ टाइप करून एंटर मारायची सवय लावून घ्या. चुकीच्या तारखेने देवघेव होऊनच गेली असेल तर तारीख दुरुस्त करा, पण ती पुस्तकं परत घेण्याआधी त्यांच्या परतीच्या तारखा बदला. कोहाच्या नव्या आवृत्त्यांत परतीच्या तारखा एकगठ्ठा पुढे ढकलायचं साधन आहे. हे त्याच दिवशी करा. दंडाची आकारणी रात्रीच्या कामात होत असते, आणि सर्व्हर खरोखरच जुन्या वर्षात गेला असेल तर सकाळी मुलांच्या नावावर वर्षानुवर्षांचा दंड चढलेला दिसतो. दंडाला वरची मर्यादा घातलेली नसेल तर आकडा बघण्यासारखा असतो.

पान उघडतच नाही

ओपॅकचं पान कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नसेल तर सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर ब्राउझर उघडून बघा. तिथे उघडत असेल तर सर्व्हर ठणठणीत आहे, त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) बदललाय. राउटर बंद होऊन चालू झाला की सगळ्यांना नव्याने पत्ते वाटतो. काल सर्व्हर १९२.१६८.१.२० वर होता, आज शेवटचा आकडा ३७ झालाय. मुलांच्या बुकमार्कमध्ये आणि भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये अजून २० च आहे. सर्व्हरवर ‘होस्टनेम’, जागा सोडून वजा आणि मोठ्या लिपीतला ‘आय’ असं दिलं की आजचा पत्ता दिसतो.

कायमचा उपाय राउटरमध्ये करायचा. सर्व्हरच्या मॅक पत्त्यावर (त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ठरलेल्या क्रमांकावर) एक पत्ता राखून ठेवा, की तोच दर वेळी मिळेल. काही जण फक्त सर्व्हरवर पक्का पत्ता लिहून मोकळे होतात, आणि राउटर तोच पत्ता एखाद्या मुलाच्या मोबाइलला देऊन टाकतो. मग ओपॅक सकाळी चालतं, मधल्या सुट्टीत बंद, वर्ग भरले की पुन्हा चालू. असला लपंडाव दिसला तर संशय इथेच घ्या आणि सर्व्हरचा पत्ता राउटरच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचा ठेवा.

सर्व्हरला पत्ताच नाही असंही दिसेल. राउटर आणि स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायची पेटी) उठण्याआधी सर्व्हर उठला की असं होतं. क्रम ठरवून घ्या: आधी राउटर, मग स्विच, दोन-तीन मिनिटांनी सर्व्हर, शेवटी काउंटर. हा क्रम सर्व्हरच्या कॅबिनेटवर मार्करने लिहून ठेवा, कागद चिकटवू नका. पावसाळ्यात तो गळून पडतो.

स्विचवर सर्व्हरच्या पोर्टचा दिवाच लागत नसेल तर केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घाला. दोन इमारतींमधून तांब्याची केबल टाकलेली असेल तर वीज कडाडल्यावर पोर्ट जळणं नेहमीचं आहे. तिथे फायबर टाकून घ्या, त्यातून विजेचा झटका येत नाही.

बारकोड

स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने दुसरा कीबोर्डच. मराठी शीर्षक टाइप करायला कीबोर्ड मराठीवर नेला आणि तसाच ठेवला, की स्कॅनरही मराठीतच ‘टाइप’ करतो. आकडे देवनागरी होतात, नाहीतर भलतीच अक्षरं उमटतात, आणि कोहा म्हणतं असा बारकोडच नाही. खालच्या पट्टीत भाषा बघा, विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. शक्य असेल तर देवघेवीच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड टाकूच नका, नोंदणीचं काम वेगळ्या मशीनवर करा.

ठरावीक पुस्तकंच वाचली जात नसतील तर लेबल फिकं पडलंय. उष्णतेवर छापणारी स्वस्त लेबलं आपल्या दमट हवेत लवकर उडतात. रिबनवर छापलेली घ्या, महाग पडली तरी.

एन-लिस्टचं मात्र वेगळं

एन-लिस्टचा तुमच्या सर्व्हरशी काहीही संबंध नाही. ही सेवा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून २०१० पासून कॉलेजांना मिळते. नियतकालिकं आणि पुस्तकं कॉलेजच्या सदस्यत्वावर घरबसल्या वाचता येतात. तुमचा सर्व्हर बंद असला तरी ती चालते. म्हणून “एन-लिस्ट आणि ओपॅक दोन्ही बंद” असं कुणी सांगितलं तर दोन बिघाड वेगळे आहेत, किंवा राउटर नाहीतर वीज गेली आहे, एवढंच.

आमच्याकडे येणाऱ्या एन-लिस्टच्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रार ही: प्राध्यापक गूगलवर लेख शोधतात, थेट प्रकाशकाच्या साइटवर जातात, आणि तिथे डॉलरमध्ये किंमत मागितली जाते. मग “कॉलेजने वर्गणी भरली नाही का?” अशी विचारणा. प्रकाशकाला तुम्ही कोण हे कळायला तुम्ही एन-लिस्टच्या पानावरून लॉगिन करून आत जायला हवं. गूगलवर सापडलेलं शीर्षक कॉपी करा, एन-लिस्टमध्ये शिरा, तिथून त्या नियतकालिकावर जा आणि मग शोधा. नवीन प्राध्यापकांना हे पहिल्या दिवशीच दाखवलं तर ग्रंथपालांचे निम्मे फोन वाचतील.

पासवर्डचा मेल येत नसेल तर खातं उघडताना दिलेला मेल पत्ता तपासा. अर्ज हाताने भरलेला असतो आणि टाइप करताना एक अक्षर गळलेलं असतं. हे दुरुस्त करणं ग्रंथपालांच्या ॲडमिन लॉगिनमध्ये आहे, गांधीनगरला पत्र लिहायची गरज नाही.

तोवर अडून बसायचं कारण नाही. शोधगंगेवरचे प्रबंध वाचायला लॉगिन लागत नाही. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीवरही पदवीच्या मुलांना पुरेल इतकं साहित्य आहे. मुलं मोबाइलवरच बघतात, त्यांना ग्रंथालयाच्या विजेचं सोयरसुतक नसतं.

मूळ वीजच

हे सगळं दर वर्षी का होतं, तर मशीन धाडकन बंद पडतं म्हणून. “आमच्याकडे इन्व्हर्टर आहे” हे उत्तर पुरेसं नाही. इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. नॉर्मलवर असेल तर वीज जाण्या-येण्याच्या मध्ये एवढा वेळ जातो की पंखा फिरत राहतो आणि कॉम्प्युटर मरतो. खटका यूपीएसवर हवा. पण यूपीएसवर ठेवलं की दाब १८० व्होल्टच्या आसपास खाली गेला तरी तो बॅटरीवर जातो, आणि आपल्या आडगावांत संध्याकाळी दाब किती असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. वीज असूनही बॅटरी संपत राहते, आणि खरी लाईट जाते तेव्हा आत काहीच उरलेलं नसतं. म्हणून सर्व्हर, राउटर आणि स्विच या तिघांना स्वतःचा छोटा यूपीएस द्या. राउटर आणि स्विचला विसरतात; मग सर्व्हर जिवंत असतो आणि त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा (मेनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) नसेल तर त्याच्या पुढे यूपीएस लावून उपयोग नाही, बरेचसे यूपीएस ती वीज घेतच नाहीत.

यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट असलेला घ्या. उबुंटूवर नट नावाची मोफत प्रणाली टाकली की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. माझ्या मते वरच्या सगळ्या बिघाडांवरचा हा सगळ्यात चांगला खर्च आहे. नव्या कॉम्प्युटरच्या आधी तो करावा.

बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ अशी सोय असते. सर्व्हरला मी ती पावसाळ्यात बंद ठेवायला सांगतो. आपल्याकडे लाईट येते ती एकदा येत नाही. येते, जाते, परत येते. प्रत्येक वेळी मशीन अर्धवट उठून पडतं आणि शोधसूचीची वाट लागते. दहा मिनिटं लाईट टिकली की माणसाने बटण दाबावं.

जांभ्याच्या सड्यावर कॉलेज असेल तर अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. उन्हाळ्यात तिथली जमीन पार कोरडी पडते, आणि मृगाआधीच्या वळवात विजा पडतात त्या नेमक्या तेव्हा.

बॅकअपचं थोडक्यात. पॅकेजमधून टाकलेलं कोहा रोज बॅकअप घेतं, पण तो सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तकं पाण्यात गेली. तळमजल्यावरच्या सर्व्हरचा बॅकअप तळमजल्यावरच्याच कपाटात ठेवणाऱ्यांनी त्या दिवसाचे फोटो बघावेत. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक ऑनलाइन.

लाईट नसताना आणि रेड अलर्टला

दिवसभर लाईट नसेल तर देवघेव थांबवू नका. साध्या वहीत वाचक क्रमांक, बारकोडखालचा आकडा, दिलं की घेतलं आणि तारीख एवढं लिहा. लॅपटॉपला चार्ज असेल तर कोहाचं ऑफलाइन देवघेवीचं विंडोज साधन वापरा. त्यातली फाइल नंतर कोहात चढवता येते. वहीवरून नोंदी करताना परत आलेल्या पुस्तकांना मागची तारीख द्यायची सोय कोहात आहे, ती सिस्टम प्रेफरन्समधून आधी चालू करून ठेवा. नाहीतर मंगळवारी आलेलं पुस्तक गुरुवारी आल्यासारखं धरलं जाईल.

आणि जिल्हाधिकाऱ्यांनी अतिवृष्टीची सुट्टी जाहीर केली की ती कोहाच्या कॅलेंडरमध्ये नोंदवा. बंद दिवसांचा दंड धरू नये अशी सेटिंग वेगळी असते, ती चालू आहे ना तेही बघा. आपल्याकडे जुलैत अशा सुट्ट्या सलग पडतात आणि त्या कॅलेंडरमध्ये कुणी टाकत नाही. मग वाडीवरून एसटी बंद असल्याने येऊ न शकलेल्या मुलीकडून आपण दंड मागतो. नोंद घरून करता येत नसेल तर कॉलेज उघडल्यावर पहिलं पुस्तक परत घेण्याआधी करा. आधीच परत घेतलेल्या पुस्तकांवर लागलेला दंड सुट्टी नंतर नोंदवून मागे जात नाही; तो प्रत्येक मुलाचं खातं उघडून एकेक करून माफ करावा लागतो.